अमोनिया तेवढाच, तरी नायट्रीकरण बंद: गोड सांडपाण्याने बिघडलेल्या एका प्रकल्पाचा अभ्यास

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणे) बंद पडले की चौकशी पहिल्यांदा अमोनियाकडे वळते. आवक अमोनिया वाढला का, कुठून जास्त नायट्रोजन आला का, हे तपासले जाते. या प्रकरणात दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे होते. बदलले होते ते दुसऱ्याच जिवाणूंचे खाद्य, आणि त्याचा फटका बसला नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना, म्हणजे नायट्रीकारकांना.

प्रकरण एका विशिष्ट प्रकल्पाचे नाही. अशा प्रकल्पांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या घडामोडी एकत्र करून ते रचले आहे आणि हिशेब सहज करता यावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. मात्र त्यामागचे रसायन आणि जिवाणूंची वाढ जशी असते तशीच ठेवली आहे.

काय घडले

प्रकल्प साध्या सक्रिय गाळ पद्धतीचा, म्हणजे हवा देऊन जिवाणूंच्या गाळाकडून सांडपाण्यातली घाण खाववण्याचा. रोज ८,००० घनमीटर घरगुती सांडपाणी, ४,००० घनमीटरची एरेशन (हवा देण्याची) टाकी, पुढे गाळ खाली बसवून टाकीत परत पाठवणारा क्लॅरिफायर. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या आसपास. टाकीत शिरणारा बीओडी (जिवाणूंना खाता येणारे सेंद्रिय द्रव्य, ऑक्सिजनच्या मापात) दिवसाला १,२०० किलो, अमोनिया आणि सेंद्रिय मिळून नायट्रोजन ३२० किलो. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) लिटरला ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत एकूण १२,००० किलो गाळ. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत. ऑपरेटर मंडळींना हा प्रकल्प कधी त्रास देत नसे.

मग स्टार्च आणि साखर वापरणाऱ्या एका अन्नप्रक्रिया कारखान्याचे पाणी गटारात येऊ लागले. रोज फक्त ४०० घनमीटर, पण बीओडी लिटरला ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला आणखी १,२०० किलो. नायट्रोजन त्यात जवळजवळ शून्य. एकूण प्रवाहात पाच टक्क्यांची भर पडली आणि बीओडीचा भार दुप्पट झाला. परवानगी देताना कागदावर ‘सहज विघटन होणारे, विषारी घटक नसलेले सांडपाणी’ असा शेरा होता. शेरा खोटा नव्हता.

पहिल्या आठवड्यात अमोनिया जिथल्या तिथे राहिला. काही आठवड्यांनी तो ५ मिलिग्रॅमवर गेला, पुढे १२ वर, आणि शेवटी २० च्या घरात जाऊन थांबला. बीओडी मात्र सगळा काळ उत्तम उतरत होता. प्रकल्प अर्धा ठणठणीत आणि अर्धा बंद, अशी ही अवस्था होती.

विषबाधेचा संशय

पहिला संशय विषबाधेवर गेला आणि तो स्वाभाविक होता. नायट्रीकारक जिवाणू नाजूक म्हणून ओळखले जातात. जड धातू, सायनाइड, काही सल्फरयुक्त संयुगे, निर्जंतुकीकरणाची रसायने यांनी ते इतर जिवाणूंच्या आधी गारद होतात. शिवाय एक जुनी समजूत अजून टिकून आहे. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढले ते पूर्णपणे अजैविक माध्यमात. साखर नाही, पेप्टोन नाही. फक्त अमोनियाचे क्षार, कार्बोनेट आणि हवा. त्यावरून सेंद्रिय पदार्थ नायट्रीकारकांना मानवतच नाहीत असा समज पसरला. सक्रिय गाळाची रोजची वस्तुस्थिती तो खोटा पाडते, कारण तिथे हे जिवाणू सेंद्रिय पदार्थांच्या गर्दीतच राहतात. तरी ‘साखरेने नायट्रीकारक मरतात’ हे वाक्य अजून कानावर येते.

तेव्हा तपासून पाहणे भाग होते. यासाठीची चाचणी साधी आहे, पण नेमकी चुकते कुठे हे माहीत हवे. शेजारच्या, चांगले नायट्रीकरण होणाऱ्या प्रकल्पातून ताजा गाळ आणला आणि तो तीन भांड्यांत घेतला. पहिल्यात अमोनियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट. दुसऱ्यात तेच, शिवाय कारखान्याचे पाणी, आणि हवा इतकी जोरात की विरघळलेला ऑक्सिजन ४ मिलिग्रॅमच्या खाली जाणार नाही. तिसऱ्यात दुसऱ्यासारखेच मिश्रण, पण हवा मोजकी, टाकीच्या सुरुवातीच्या भागात असते तितकी. तिन्हींचा पीएच साडेसातच्या जवळ धरला. दर अर्ध्या तासाने नमुना काढून लगेच गाळायचा आणि त्यात नायट्राइट व नायट्रेट मोजायचे.

अमोनिया मोजून ही चाचणी करू नये. कारखान्याचे पाणी घातलेल्या भांड्यात अमोनिया झपाट्याने घटतो आणि नायट्रीकरण जोरात चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात साखर खाऊन वाढणारे जिवाणू स्वतःच्या पेशी बांधायला तो अमोनिया उचलत असतात. नायट्रीकारकांचे काम किती झाले हे तयार झालेल्या नायट्राइट-नायट्रेटवरूनच कळते.

पहिले आणि दुसरे भांडे जवळजवळ बरोबरीने चालले. दुसरे किंचित मागे होते, कारण गाळाच्या गुठळ्यांच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे थोडा नायट्रेट लगेच वायूत जातो. तिसरे भांडे जवळजवळ ठप्प होते. कारखान्याचे पाणी विषारी असते तर दुसरे भांडेही पडले असते. पाणी तेच, गाळ तोच; फरक होता तो फक्त हवेचा.

मग बिघडलेल्या प्रकल्पाचा स्वतःचा गाळ भरपूर हवेत आणि स्वच्छ अमोनियम क्लोराइडवर चालवून पाहिला. तो नायट्रेट तयार करत होता, पण ग्रॅममागे शेजारच्या गाळाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाने. म्हणजे नायट्रीकारक जिवंत होते, धडधाकट होते, फक्त संख्येने फार कमी उरले होते. इथून चौकशीची दिशा बदलली. त्यांना कोण मारते आहे हा प्रश्न मागे पडला आणि ते टाकीतून कमी का होत आहेत हा प्रश्न पुढे आला.

गाळाचे वय घटले, कोणी ठरवले नसताना

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच, म्हणून तो जरा सावकाश मांडतो.

ऑपरेटरांना दिलेली सूचना स्पष्ट होती: एमएलएसएस ३,००० वर धरा. वर गेला की जादा गाळ काढा, खाली आला की काढणे कमी करा. घरगुती सांडपाणी एकसारखे येत असताना ही सूचना उत्तम चालते. किलोभर बीओडीमागे साधारण ०.८ किलो गाळ तयार होतो असे धरले तर रोज ९६० किलो गाळ तयार व्हायचा आणि तेवढाच काढला जायचा. टाकीतला १२,००० किलो गाळ भागिले रोजचे ९६० किलो, म्हणजे गाळाचे वय (गाळ टाकीत सरासरी राहतो ते दिवस) साडेबारा दिवस.

कारखान्याच्या पाण्यात तरंगणारे अजैव कण नसतात, म्हणून तिथे किलोमागे ०.६ किलो गाळ धरू. १,२०० किलो बीओडीचे ७२० किलो. आता रोज १,६८० किलो गाळ तयार होऊ लागला. एमएलएसएस ३,००० वर धरायचा तर रोज १,६८० किलो काढणे भागच. १२,००० भागिले १,६८०: गाळाचे वय सात दिवसांवर आले. ऑपरेटरांनी सूचना अक्षरशः पाळली, नोंदवहीत एमएलएसएसची रेषा सरळ राहिली आणि त्या सरळ रेषेच्या आड गाळाचे वय जवळपास निम्मे झाले.

साखर खाणाऱ्या जिवाणूंना सात दिवस म्हणजे चैन. त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते. नायट्रीकारकांना अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते, आणि त्यातच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःची पेशी बांधायची असते. म्हणून एक ग्रॅम नायट्रोजन जाळून त्यांची जेमतेम ०.१५ ग्रॅम पेशीद्रव्याची वाढ होते. दोघे एकाच गाळात राहतात आणि जादा गाळ काढताना दोघेही सारख्याच प्रमाणात बाहेर जातात. वाढीचा वेग गाळ काढण्याच्या वेगाला पुरा पडला नाही तर नायट्रीकारक वाहून जातात. डाउनिंग, पेंटर आणि नोल्स या संशोधकांनी १९६४ साली हेच गणितात मांडले आणि तेव्हापासून नायट्रीकरणाचा आराखडा गाळाच्या वयावर केला जातो. एमएलएसएस हा आकडा रोज मोजायला सोपा म्हणून पुढे आला. गाळाचे वय मात्र रोज काढलेल्या गाळाची नीट नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि ती नोंद बहुतेक ठिकाणी सर्वांत ढिली असते.

ऑक्सिजन: मीटर कुठे लावला आहे

विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर एरेशन टाकीच्या शेवटच्या टोकाला होता आणि तो २ मिलिग्रॅम दाखवत होता. त्यामुळे हवेबद्दल कोणाला शंका आली नाही. हातात धरायचा मीटर घेऊन टाकीच्या कडेने चालत दर काही मीटरवर मोजमाप घेतले तेव्हा चित्र उलगडले. पहिल्या दोन-तृतीयांश लांबीत ऑक्सिजन ०.२ ते ०.३ च्या वर जात नव्हता. शेवटच्या तुकड्यात तो एकदम उसळत होता. सकाळी परिस्थिती बरी असे, दुपारी कारखाना टाक्या धुऊन पाणी सोडे तेव्हा ती सर्वांत वाईट.

साखरेसारखा विरघळलेला, सहज पचणारा बीओडी टाकीत शिरताच खाल्ला जातो. खाणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन ओढून घेतात. कमी ऑक्सिजनवरही त्यांचे भागते. नायट्रीकारकांचे भागत नाही. ही शर्यत ते नेहमी हरतात. मग त्यांना कामाला उरतो तो टाकीचा शेवटचा तुकडा.

भाराच्या भाषेत पाहू. आधी ३२० किलो नायट्रोजनपैकी सुमारे ६० किलो गाळाच्या वाढीत जायचा (१०० भाग बीओडीला ५ भाग नायट्रोजन या नेहमीच्या प्रमाणाने). उरलेल्या २६० किलोंचे नायट्रीकरण व्हायचे. ग्रॅममागे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे रोज जवळपास १,१९० किलो. नव्या १,२०० किलो बीओडीलाही साधारण तितकाच ऑक्सिजन हवा. म्हणजे एकट्या कारखान्याच्या पाण्याने संपूर्ण नायट्रीकरणाच्या वाट्याचा ऑक्सिजन मागून घेतला. हवा पुरवणारे ब्लोअर मात्र होते तेवढेच होते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवू. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंचा कमाल वाढीचा दर २० अंशांना दिवसाला ०.९ धरण्याची पद्धत आहे. १५ अंशांना तो ०.६४ च्या आसपास येतो. मरण्याचा दर ०.१५. ऑक्सिजनसाठी आणि अमोनियासाठी अर्ध-संपृक्ततेचा आकडा (ज्या पातळीला वाढीचा दर कमाल दराच्या निम्मा होतो) दोन्हीकडे ०.५ मिलिग्रॅम.

ऑक्सिजन २ असेल आणि गाळाचे वय सात दिवसांवर आले, तर हिशेबाने बाहेरचा अमोनिया ०.७ च्या आसपास राहतो. प्रकल्पाने हे सहज सोसले असते. उलट, गाळाचे वय साडेबारा दिवस राहिले आणि सरासरी ऑक्सिजन ०.५ वर घसरला, तर अमोनिया १.३ होतो. थोडी कुरकुर, पण नायट्रीकरण चालू. दोन्ही एकदम झाले तर? सात दिवस आणि ०.५ ऑक्सिजन: अमोनिया ५. ऑक्सिजन आणखी फक्त ०.१ ने घसरून ०.४ झाला की जिवाणूंचा कमाल दर ०.२८ वर येतो, आणि टिकून राहायला हवा ०.२९ (मरण्याचा दर ०.१५ आणि रोज काढल्या जाणाऱ्या गाळाचा सातवा हिस्सा मिळून). इथे कोणताही तोल साधत नाही. अमोनिया कितीही वाढला तरी ते वाढीने हानी भरून काढू शकत नाहीत आणि टाकीतून पुसले जातात.

प्रकल्पात अमोनिया ५ वर काही काळ रेंगाळला आणि मग एकदम सुटला, त्याचे उत्तर या दशांशात आहे. खाद्याच्या बदलाने गाळाचे वय आणि ऑक्सिजन या दोन्हींवर एकाच वेळी घाव घातला. एकेक घाव सोसण्याजोगा होता. त्यामुळे ‘हवा थोडी कमी आहे, चालेल’ आणि ‘गाळ थोडा जास्त काढतोय, चालेल’ ही दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर असूनही प्रकल्प बंद पडला.

यात तिसरी भर पडली. कमी ऑक्सिजन आणि विरघळलेली साखर ही तंतुमय जिवाणूंची आवडती परिस्थिती. गाळ फुगला, क्लॅरिफायरमध्ये नीट बसेना, गाळाचा थर वर येऊ लागला. गाळ वाहून जाऊ नये म्हणून ऑपरेटरांनी आणखी गाळ काढला आणि एमएलएसएस २,६०० वर आणला. त्यांच्या जागी कोणीही हेच केले असते. गाळाचे वय आणखी घटून सहा दिवसांच्या आसपास आले.

आधी दिसलेल्या आणि दुर्लक्षित राहिलेल्या खुणा

अमोनिया वाढण्याच्या कितीतरी आधी बाहेरच्या पाण्यातला नायट्रेट ७-८ मिलिग्रॅमने उतरला होता. नव्या बीओडीने वाढलेल्या गाळाने रोज आणखी ६० किलो नायट्रोजन स्वतःत ओढला. ८,००० घनमीटरवर वाटला तर लिटरला साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे नायट्रीकारकांचे खाद्य कमी झाले होते आणि त्यांची संख्याही त्या मानाने कमी होणार होती. मरण्याचा दर धरून हिशेब केला तर टाकीत आधी सुमारे १७० किलो नायट्रीकारक असायला हवे होते. नव्या परिस्थितीत सगळे नायट्रीकरण सुरळीत चालले असते तरी १०० किलोंच्या आसपासच उरले असते. पण नायट्रेट कमी झाला हे नोंदवहीत चांगले चिन्ह म्हणून लिहिले गेले.

दुसरी खूण पीएचची. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनचे नायट्रीकरण ७.१४ ग्रॅम क्षारता (आम्ल शोषून पीएच सावरण्याची पाण्याची क्षमता) खाते, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने. नायट्रीकरण मंदावले तशी बाहेरच्या पाण्यातली क्षारता वाढली आणि पीएच ६.९ वरून ७.४ झाला. ज्या प्रकल्पात नायट्रीकरण अपेक्षित आहे तिथे कारण नसताना पीएच वर चढला तर अमोनिया त्याच दिवशी तपासावा. क्षारता मोजायला महाग यंत्र लागत नाही. ब्युरेट, आम्ल आणि दर्शक पुरतात.

बियाणे टाकून पाहिले

मधल्या काळात कोणीतरी तयार नायट्रीकारक कल्चर सुचवले. ते कॅनमधून आले, टाकीत ओतले, दोन-तीन दिवस अमोनिया थोडा खाली आला आणि पुन्हा जिथे होता तिथे गेला. ‘कल्चर खराब होते’ असे म्हणून विषय मिटवण्यात आला. माझ्या मते कल्चर बहुधा चांगलेच होते.

आधी वजनाचा हिशेब. १०० लिटर कल्चर, त्यात लिटरला ५ ग्रॅम कोरडे पेशीद्रव्य असे उदार मनाने धरले, तरी अर्धा किलो. टाकीला हवे होते शंभराहून अधिक किलो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोणत्या खाद्यावर वाढवले होते. अशी कल्चर सहसा अमोनियम क्षारांच्या तीव्र द्रावणावर, लिटरला शेकडो मिलिग्रॅम नायट्रोजनवर वाढवली जातात. अशा भरपेट वातावरणात वेगाने वाढणाऱ्या नायट्रोसोमोनास जाती पुढे येतात. अमोनिया मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅमवर असताना तो टिपून घेण्याची ज्यांची क्षमता चांगली, अशा जाती मागे पडतात. नायट्राइटच्या बाबतीतही तसेच: भरपूर नायट्राइटवर नायट्रोबॅक्टर वरचढ ठरतो, तर बहुतेक सांडपाणी प्रकल्पांत कमी नायट्राइटवर भागवणारा नायट्रोस्पिरा प्रमुख असतो. याच नायट्रोस्पिरा कुळातले काही सदस्य अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकटे करतात, हे २०१५ साली उघड झाले. तीव्र खाद्यावर वाढलेली फौज नेहमीच्या प्रकल्पाच्या सौम्य पाण्यात आणली की ती मंद पडते.

आणखी एक अडचण अशी की सेंद्रिय खाद्याविना वाढलेल्या या पेशी बऱ्याचदा सुट्या तरंगतात. गाळाची गुठळी बांधणारा चिकट पदार्थ मुख्यतः दुसरे जिवाणू तयार करतात. सुट्या पेशी क्लॅरिफायरच्या कडेवरून वाहून जातात किंवा टाकीतले प्रोटोझोआ त्यांना गिळतात. आणि हे सगळे जमले असते तरी गाळाचे वय सहा-सात दिवस आणि ऑक्सिजन ०.४ असेपर्यंत ती पेशी टिकणार नव्हती. आधीचे जिवाणू ज्या कारणाने गेले त्याच कारणाने नवेही जाणार.

साखरेऐवजी दुसरे खाद्य असते तर

‘औद्योगिक सांडपाणी आले, नायट्रीकरण गेले’ असा सरसकट निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून थोडे विषयांतर.

कारखाना दुधाचा किंवा मांसाचा असता तर बीओडी तेवढाच राहूनही गोष्ट वेगळी झाली असती. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्याचे विघटन होताना अमोनिया सुटतो, म्हणजे बीओडीबरोबर नायट्रीकारकांचे खाद्यही येते आणि गाळात त्यांचा वाटा इतका घसरत नाही. शिवाय सेंद्रिय नायट्रोजनपासून अमोनियम तयार होताना ग्रॅममागे ३.५७ ग्रॅम क्षारता मिळते. पुढे नायट्रीकरणात ७.१४ खर्ची पडते, तरी निम्मी भरपाई आधीच झालेली असते. युरियाचेही तसेच, शिवाय काही नायट्रीकारकांकडे युरिया फोडणारे विकर स्वतःचे असते. ऑक्सिजनचा ताण मात्र अशा पाण्यात दुहेरी असतो, बीओडीचाही आणि वाढलेल्या अमोनियाचाही.

अमोनियम क्लोराइडसारखा क्षार दुसऱ्या टोकाला आहे. त्यात बीओडी नाही आणि क्षारताही नाही. प्रयोगशाळेत त्यावर नायट्रीकारक वाढवताना एका ग्रॅम नायट्रोजनला १२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घातले नाही तर पीएच कोसळतो आणि दोष जिवाणूंना दिला जातो. प्रयोगशाळेतल्या रिॲक्टरचे आकडे प्रत्यक्ष प्रकल्पाला लावताना तो रिॲक्टर ग्लुकोजवर चालला, पेप्टोनवर, की खऱ्या सांडपाण्यावर, हे आधी पाहावे. हा तपशील अहवालात एका ओळीत असतो आणि सगळा निकाल त्यावर अवलंबून असतो.

काय केले

सर्वांत आधी गाळ काढण्याची सूचना बदलली. एमएलएसएसऐवजी गाळाच्या वयावर काम सुरू झाले: रोज किती घनमीटर गाळ काढला आणि तो किती घट्ट होता, दोन्ही मोजून लिहायचे. पण गाळाचे वय पुन्हा साडेबारा दिवसांवर न्यायचे, तर १,६८० किलोंच्या हिशेबाने टाकीत २१,००० किलो गाळ ठेवावा लागला असता, एमएलएसएस ५,२५० वर. फुगलेल्या गाळासह क्लॅरिफायरने तो पेलला नसता. म्हणजे केवळ प्रकल्पाच्या आत फेरफार करून भागणार नव्हते. खाद्यच बदलायला हवे होते.

कारखान्याशी बोलणी झाली. पहिल्या टप्प्यात त्यांनी समतोल टाकी बांधली आणि दुपारचा लोट चोवीस तासांत पसरवून सोडायला सुरुवात केली. भार तेवढाच राहिला, पण टाकीच्या सुरुवातीचा ऑक्सिजन दुपारी शून्याजवळ जाणे थांबले. दुसऱ्या टप्प्यात त्यांच्याच आवारात अनॲरोबिक रिॲक्टर आला. साखरेच्या पाण्याला ही प्रक्रिया फार मानवते: ऑक्सिजन लागत नाही, गाळ थोडा होतो, वर मिथेन मिळतो. कारखान्याचा भार १,२०० वरून ४०० किलोंवर आला. आता रोजचा गाळ १,२०० किलो, एमएलएसएस ३,६००, गाळाचे वय बारा दिवस. क्लॅरिफायरला हे जमण्यासारखे होते.

एरेशन टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर मागच्या भागातून पुढच्या भागात हलवले आणि एक ब्लोअर वाढवला. टाकीचा पहिला छोटा भाग हवा बंद करून फक्त ढवळत ठेवला. परत येणाऱ्या गाळाबरोबरचा नायट्रेट तिथे साखर खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजनच्या जागी वापरता येतो. एक ग्रॅम नायट्रेट नायट्रोजन २.८६ ग्रॅम ऑक्सिजनचे काम करतो आणि ३.५७ ग्रॅम क्षारता परत देतो. त्याच भागामुळे तंतुमय जिवाणूंचाही जोर कमी झाला. डीओचा दुसरा मीटर टाकीच्या मध्यावर बसवला.

बियाणे या वेळी कॅनमधून आणले नाही. शेजारच्या प्रकल्पाचा घट्ट केलेला जादा गाळ टँकरने आणला. ४ टक्के घट्ट गाळाच्या १० घनमीटर टँकरमध्ये ४०० किलो गाळ असतो आणि त्यात नायट्रीकारक ५ किलोंच्या वर. ते गुठळ्यांत बसलेले असतात आणि त्याच प्रकारच्या पाण्यावर वाढलेले असतात. टँकर मात्र समतोल टाकी आणि अनॲरोबिक रिॲक्टर चालू होऊन डीओ सावरल्यावरच मागवले. गाळ आणण्यात धोकाही असतो: तिकडचे तंतुमय जिवाणू इकडे येतात. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतले.

बारा दिवसांचे गाळाचे वय आणि २ मिलिग्रॅम ऑक्सिजन असताना अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्यांची संख्या हिशेबाने अडीच दिवसांत दुप्पट होते. प्रत्यक्षात आठवडे लागले. अमोनिया उतरू लागला तसा नायट्राइट चढला, कारण नायट्राइट खाणारे मागाहून येतात. त्यांचे खाद्य आधी कोणीतरी तयार करावे लागते. या दिवसांत क्लोरिनची मागणी अचानक वाढली. एक मिलिग्रॅम नायट्राइट नायट्रोजन सुमारे ५ मिलिग्रॅम क्लोरिन खातो. निर्जंतुकीकरण पाहणाऱ्या माणसाला हे आधी सांगून ठेवले नाही तर तो डोस पंप उघडून बसतो.

अमोनिया पुन्हा १ च्या खाली आला, नायट्राइट नाहीसा झाला. एक गोष्ट मात्र रोजच्या कामात कायमची आली. कारखाना वर्षातून काही आठवडे बंद असतो. तेव्हा बीओडी घटतो, गाळाची वाढ कमी होते, त्यात जाणारा नायट्रोजनही कमी होतो आणि नायट्रीकारकांच्या वाट्याला जास्त अमोनिया येतो. शिवाय साखर नसल्याने हवा न दिलेल्या सुरुवातीच्या भागात नायट्रेट कमी संपतो आणि क्षारतेची परतफेड घटते. म्हणून कारखाना बंद व्हायच्या आठवडाभर आधीपासून क्षारता रोज मोजतात. बाहेरच्या पाण्यात ती लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली की चुना घालायला सुरुवात होते, आणि गाळ काढणे कमी करून रोज तयार होईल तेवढेच ठेवले जाते.